दगडावरची बुळबुळ

घोडनदीच्या कांठीं वाढलेल्या मनुष्यास बुळबुळ म्हणजे काय, हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पावसाळा सरला, पुराचें गढूळ पाणी निवळलें आणि पात्रांतले काळे धोंडे दिसूं लागले, म्हणजे धुण्याला आलेल्या बाया मुलांना बजावूं लागतात, "त्या हिरव्या धोंड्यावर पाय देऊं नको रे!" मूल ऐकत नाहीं, पाय देतें, आपटतें, आणि कोपर सोलून घेऊन घरीं जातें. शिरूर गांव पुष्कळांच्या तोंडीं आजहि घोडनदी ह्याच नांवानें आहे. तेव्हां ह्या बुळबुळीशीं त्या गांवाचें नातें नांवापासूनच जुळलेलें आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

श्रोतेहो, आज मी आपणांशीं बोलणार आहें तें ह्या बुळबुळीविषयींच. ती काय आहे, ती दगडावरून सोडवून कशी घ्यावी, आणि तिच्यांतून जीवमात्राचें वंशद्रव्य, ज्याला आपण आतां डी. एन. ए. ह्या आद्याक्षरांनीं ओळखतों, तें वेगळें कसें काढावें, हा माझा विषय. कोणी म्हणेल, दगड घासण्यांत शास्त्र तें कसलें? मीहि प्रथम असेंच समजत होतों, आणि त्या समजुतीची किंमत मला नव्हे, दुसऱ्यांना मोजावी लागली. ती हकीकत ओघांत येईलच.

तो हिरवा थर नखानें खरवडून पाण्याच्या थेंबांत काचपट्टीवर पसरावा आणि सूक्ष्मदर्शकांतून पाहावा. हिरवा रंग शेवाळाचा, हें सहज ओळखूं येतें. पण शेवाळाच्या तंतूंच्या आजूबाजूस असंख्य जीवाणू एका पारदर्शक खळींत रुतून बसलेले आढळतात. खळ हा शब्द मीं मुद्दाम योजला आहे. कापडाला खळ आपण बाहेरून देतों. ही खळ जीवाणू स्वतःच पाझरतात. तिच्यांत बहुतेक पाणीच असतें, आणि उरलेल्या भागांत साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या, प्रथिनें व इतर कांहीं द्रव्यें. अशा खळींत वसति करून राहिलेल्या जीवाणूंच्या समुदायास जैवपटल असें नांव आहे. हॉलंडमधील लेव्हेनहूक ह्यानें १६८३ सालीं आपल्याच दातांवरचें किटण खरवडून भिंगाखालीं पाहिलें आणि त्यांतील हालचाल करणाऱ्या जीवांचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून कळविलें. तें किटणहि जैवपटलच. म्हणजे जीवाणूंची माणसाशीं पहिली ओळख झाली ती कांहीं अंशीं खरवडण्यामुळेंच झाली. पुढें मात्र दीर्घकाळ शास्त्रज्ञांचें लक्ष पाण्यांत मोकळ्या पोहणाऱ्या जीवाणूंवर राहिलें, कारण बाटलींत वाढवायला ते सोपे. १९३३ सालीं हेन्रिसी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें तळ्यांत काचपट्ट्या बुडवून ठेविल्या आणि त्यांवर जीवाणू येऊन कसे चिकटतात तें दाखविलें. १९४३ सालीं झोबेलनें समुद्राच्या पाण्याविषयीं तसलाच निष्कर्ष काढला. आणि १९७८ नंतर कॉस्टर्टन व त्याचे सहकारी ह्यांच्या लेखनामुळें ही गोष्ट सर्वमान्य झाली कीं, वाहत्या पाण्यांतले बहुसंख्य जीवाणू पाण्यांत नसतात, पाण्याखालच्या पृष्ठभागांवर असतात.

ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. नदीचें पाणी बाटलींत भरून नेऊन तपासणें म्हणजे दौंड जंक्शनवर उतरणारे-चढणारे उतारू मोजून दौंड गांवची खानेसुमारी करण्यासारखें आहे. उतारूंची गणती खोटी नसते. पण ते मनमाडचे कोण, सोलापूरचे कोण, आणि गांवांत घर करून राहिलेले कोण, हें तिच्यावरून कळत नाहीं. घर करून राहिलेले दगडावर असतात.

आणि ते तेथें कोण आहेत हें जाणण्याचें आपणांस विशेष कारण आहे. पुण्याचें सांडपाणी पोटांत घेऊन मुळामुठा पूर्वेकडे येते आणि शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडस येथें भीमेला मिळते. (गणपतीचें रांजणगांव तें वेगळें.) तेथून खालीं तेंच पाणी दौंडवरून उजनीच्या जलाशयाकडे जातें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मुठेच्या तळचा गाळ शहराच्या वरच्या बाजूस आणि शहरांत तपासण्यांत आला. वरच्या गाळापेक्षां शहरांतल्या गाळांत, औषधांना दाद न देण्याचा गुण जीवाणूंना देणारे जीन कित्येक पटींनीं अधिक आढळले. आणि डॉक्टर मंडळी जीं औषधें अगदीं अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवितात, त्यांना निकामी करणारे जीनहि त्यांत होते. आतां जीवाणूंची एक खोड अशी आहे कीं, ते असले जीन शेजाऱ्याला देऊन टाकतात. आणि खळींत एकमेकांना खेटून बसलेल्या वसतीइतका निकटचा शेजार दुसरीकडे कोठें मिळणार? वरून वाहत आलेला रोगजंतु मरून गेला तरी त्याची विद्या खालच्या दगडावरच्या निरुपद्रवी जीवाणूकडे राहून जाणें शक्य असतें. म्हणून दगडावरच्या थराचें वंशद्रव्य काढावयाचें. आणि तें काढण्यापूर्वीं तो थर दगडावरून काढावयाचा.

वंशद्रव्याचा शोधच मुळीं अशा सोडवणुकींतून लागला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८६९ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें फ्रीड्रिख मीशर हा तरुण संशोधक रुग्णालयांतून टाकून दिलेलीं, पुवानें भिजलेलीं बँडेजें गोळा करीत असे. त्याला पुवांतल्या पेशी हव्या होत्या, आणि त्या कापडाला चिकटलेल्या. एका मिठाच्या पाण्यांत पेशी फुगत, दुसऱ्यांत त्यांचा लगदा होई. अखेरीस सोडियम सल्फेटच्या पातळ द्रावणांत त्या धड सुटून आल्या, तेव्हांच त्याला त्यांच्या केंद्रांतून एक नवें, स्फुरदयुक्त द्रव्य काढतां आलें. आज ज्याला आपण डी. एन. ए. म्हणतों तें हें. पेशी सोडवाव्या पण फोडूं नयेत, ही त्याची अडचण. आमची अडचण तीच, फक्त बँडेजाच्या जागीं धोंडा आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे येऊं. दौंडजवळ मनमाडकडे जाणारा लोहमार्ग भीमा ओलांडतो, त्या बाजूस हिंवाळ्यांत पाणी उथळ होतें. गुडघाभर पाण्यांतला ताटलीएवढा दगड निवडावा, आणि जी बाजू वर होती ती वरच राहील अशा बेतानें सावकाश उचलावा. हातांत नवे मोजे असावे. प्रथम स्वच्छ मिठाच्या पाण्याची, शेंकडा ०.८५ मीठ असलेल्या, हलकी धार सोडून गाळ आणि वाटसरू जीवाणू धुऊन टाकावे. धार जोराची झाली तर थराचा वरचा मऊ पदर जातो. फारच मंद झाली तर गाळ राहतो. ही धार किती असावी हें पुस्तकांत सांपडत नाहीं. चार दगड वायां गेले म्हणजे हाताला कळतें. मग जाड प्लास्टिकच्या पत्र्याला पांच सेंटिमीटर लांबरुंद चौकोनी भोंक पाडून तो पत्रा दगडावर धरावा. म्हणजे पंचवीस चौरस सेंटिमीटर जागा मोजून मिळते, आणि ह्या दगडाची त्या दगडाशीं तुलना करतां येते. त्या चौकटींत दांत घासण्याच्या ताठ ब्रशानें उभें-आडवें घासावें, थोड्या मिठाच्या पाण्यानें तें खालच्या भांड्यांत ओढून घ्यावें, आणि ओघळणारें पाणी नितळ होईपर्यंत पुन्हां पुन्हां घासावें. एका दगडावर विसंबूं नये. तीन तरी घ्यावेत, कारण हातभर अंतरावरच्या दोन दगडांची वसति सारखी असेलच असें नाहीं. सर्व नळ्या लगेच बर्फांत ठेवाव्या. थर निघाला म्हणजे त्यांतलीं जीवनव्यवहाराचीं यंत्रें थांबत नाहींत; उन्हांत राहिलेल्या नळींतले कांहीं जीवाणू वाढतात, कांहीं मरतात, आणि पुण्याला पोंचेपर्यंत वसति निराळीच झालेली असते.

आपला दगड पडला बेसाल्टाचा. लाव्हारस थिजतांना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांचीं त्यांत ठिकठिकाणीं बारीक छिद्रें असतात. टाकळी हाजी आणि निघोज ह्यांच्या मधून कुकडी वाहते, तेथें प्रवाहानें व गोट्यांनीं कातळांत कोरलेले प्रचंड रांजणखळगे पाहण्यास लोक लांबून येतात. ह्या छिद्रांचा उगम अगदीं निराळा, पण जीवाणूच्या मापानें पाहिलें तर त्यांतलें एकेक छिद्र असाच एक रांजण आहे. ब्रशाचे केंस त्याच्या तळाशीं पोंचत नाहींत. म्हणून कोणी पोलादी पात्यानें दगडच खरवडतात. मला तें पसंत नाहीं. पात्यानें दगडाची भुकटीहि निघते, आणि वंशद्रव्य अशा भुकटीला व चिकणमातीला चिकटून बसतें. पुढें तें सुटतां सुटत नाहीं. त्यापेक्षां दगडाची लहान कपची नळींत घालून ती नळी श्रवणातीत ध्वनीच्या कुंडांत धरावी. सेकंदास चाळीस हजारांच्या आसपास कंपनें होतात, त्यांनीं पाण्यांत अतिसूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि छिद्रांतला थर उसकून काढतात. दोनचार मिनिटें पुरे. अधिक लोभ केला तर जीवाणूच फुटतात, त्यांचें वंशद्रव्य पाण्यांत उतरतें, आणि जीवाणू तळाशीं बसवून वरचें पाणी ओतून देतांना आपण आपल्याच हातानें तें मोरींत टाकतों. ह्या कामीं ई. डी. टी. ए. नांवाच्या द्रव्याचा चांगला उपयोग होतो. खळीच्या सांखळ्या एकमेकींत गुंतवून ठेवण्यांत पाण्यांतल्या कॅल्शियमचा मोठा हात असतो, ई. डी. टी. ए. तें कॅल्शियम ओढून घेतें, आणि वीण ढिली पडते. शिवाय वंशद्रव्य कातरणाऱ्या बहुतेक विकरांना मॅग्नेशियम लागतें, तेंहि तें पळवितें. पत्रा, प्लास्टिक, नळाची तोटी अशा गुळगुळीत पृष्ठभागांना ब्रशाऐवजीं ओला बोळा चालतो. पण साधा कापूस घेतलेलें सोडत नाहीं. आखूड नायलॉनचे तंतू उभे लावलेले बोळे मिळतात, ते घ्यावे.

येथें एक गमतीची गोष्ट सांगतों. खळ विरघळविण्यासाठीं विकरें वापरतात, तेव्हां एकानें विचारलें कीं, सर्वांत नामी विकर कोणतें? त्याचें उत्तर २००२ सालच्या एका प्रयोगांत आहे. त्यांत असें आढळलें कीं, एका जातीच्या जीवाणूंचें कोवळें जैवपटल वंशद्रव्य तोडणाऱ्या विकरानेंच विरघळून जातें. म्हणजे त्या खळींत वंशद्रव्य हेंच एक बंधन होतें! मेलेल्या भाऊबंदांचें वंशद्रव्य जीवाणू भिंतीच्या चुन्यासारखें वापरतात. तेव्हां आमच्या दृष्टीनें हें नामी विकर म्हणजे चोर पकडण्यासाठीं घराला आग लावणें. दुसरें असें कीं, दगडावरून काढलेलें सगळेंच वंशद्रव्य जिवंतांचें नसतें. जिवंत तेवढेच मोजावयाचे असतील तर एक रंगद्रव्य घालतात. तें धड पेशींत शिरत नाहीं, उघड्या पडलेल्या वंशद्रव्यास मात्र प्रखर उजेडांत कायमचें चिकटून त्याची पुढची नक्कल होऊं देत नाहीं.

नदीपेक्षां गुऱ्हाळ कठीण. दौंड तालुक्यांत केडगांवच्या बाजूला गुऱ्हाळें पुष्कळ. चरकांतून निघालेला रस ज्या पन्हळींतून काहिलीकडे जातो, ती पन्हळ वेळच्या वेळीं धुतली नाहीं तर तिच्या तळाशीं पेजेसारखा थर बसतो. ल्युकोनोस्टॉक नांवाचा जीवाणू उसाची साखर खाऊन डेक्स्ट्रन नांवाची चिकट साखळी विणतो, तिचा तो थर. साखर कारखान्यांना हा शत्रु चांगला ठाऊक आहे: तोडून पडून राहिलेल्या उसांत तो माजतो, रस दाट होतो, गाळणी तुंबते, साखरेचा दाणाहि वेडावांकडा पडतो. ह्या थरांतून वंशद्रव्य काढायला बसलेला विद्यार्थी मद्यार्क ओततो, आणि नळींत कापसाच्या पेळूसारखा पांढराशुभ्र पुंजका तरंगतांना पाहून हर्षानें ओरडतो. तो पुंजका बहुतेक साखर असते. म्हणून थर प्रथम पुष्कळ मिठाच्या पाण्यांत विरळ करून धुवावा, आणि पुढें सी. टी. ए. बी. नांवाचें साबणासारखें द्रव्य व भरपूर मीठ घालून शर्करा क्लोरोफॉर्मबरोबर बाहेर काढावी; वंशद्रव्य पाण्याच्या थरांत मागें राहतें. मिठाचें प्रमाण कमी पडलें तर उलटाच प्रकार होऊन वंशद्रव्यच शर्करेबरोबर जातें.

थर हातीं आल्यावरचें काम थोडक्यांत सांगतों, कारण तें आतां तयार सामग्रीच्या डब्यांतून होतें. जीवाणू अपकेंद्री यंत्रानें तळाशीं बसवावे. बारीक काचमण्यांबरोबर जोरानें हलवून आणि साबणानें फोडावे. नुसत्या साबणानें जाड भिंतीचे जीवाणू फुटत नाहींत, आणि मग खानेसुमारींत त्यांचें नांवच येत नाहीं. काळ्या मातीच्या प्रदेशांतून आलेला अर्क पुष्कळदां चहासारखा तपकिरी असतो. तो रंग कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या आम्लांचा, आणि तो पुढच्या नक्कल काढण्याच्या क्रियेला मारतो, म्हणून तो घालविल्याखेरीज पुढें जाऊं नये. आतड्यांतल्या कोलाय जीवाणूच्या वंशद्रव्यांत सुमारें ४६ लाख अक्षरजोड्या असतात. तरी एक ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागाएवढें वंशद्रव्य मिळायला तसे दोन लाख जीवाणू लागतात. एवढ्याशा द्रव्यांतला हवा तो तुकडा विकराच्या साहाय्यानें दुप्पट, पुन्हां दुप्पट असा तीस वेळां वाढविला कीं एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. ह्या दुपटीच्या सामर्थ्यानेंच माझा घात केला.

शिरूर तालुक्यांतल्या एका वाडीवर पोरांना हगवण लागली होती. तेथील शाळामास्तर माझ्या ओळखीचे. त्यांनीं विचारलें, पिण्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे, आंतून बुळबुळीत झाली आहे, तुम्ही नाहीं तरी दगड घासतांच, तर एवढी टाकी पाहाल का? मीं बाजारांतून नवे ब्रश आणले, दाबाच्या वाफेंत उकळून घेतले, टाकीच्या भिंतीवरचा थर काढला, वंशद्रव्य वेगळें केलें, आणि कोलाय जीवाणूची खूण शोधली. खूण लख्ख उमटली. मीं त्याच दिवशीं सरपंचांना दूरध्वनीनें कळविलें कीं, टाकींत मैला उतरत आहे, पाणी पिऊं नका. महिना वैशाखाचा. टाकीला कुलूप लागलें, आणि वाडींतल्या बाया अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून हंडे वाहूं लागल्या.

आठव्या दिवशीं दुसऱ्याच कामासाठीं घोडनदीचे नमुने तपासतांना तीच खूण तितकीच लख्ख दिसली. पुढच्या नळींतहि तितकीच. नदीनें आणि टाकीनें एकमेकींशीं इतकें तंतोतंत जुळावें हें पाहून मला प्रथमच शंका आली. मग मीं नवा ब्रश कशालाहि न लावतां नुसत्या शुद्ध पाण्यांत घासला, आणि त्या पाण्यावर सगळे संस्कार केले. खूण उमटली! ह्याला रिकामी नळी म्हणतात, आणि ती प्रत्येक कामांत पहिली ठेवावी हें मी वर्गांत शिकवीत आलों होतों. घाईंत ती मींच ठेविली नव्हती. वाफेनें जीवाणू मरतात, पण त्यांच्या वंशद्रव्याचे तुकडे सगळे नष्ट होत नाहींत. ब्रशांवर तें आधींपासून असावें. शिवाय ज्या विकरानें नकला काढावयाच्या, तें विकर बहुधा कोलाय जीवाणूंकडूनच तयार करवून घेतात, आणि त्यांचें थोडें वंशद्रव्य त्याच्याबरोबर येतें. म्हणजे मी जो चोर टाकींत शोधीत होतों, तो माझ्या पिशवींतून मींच बरोबर नेला होता. सामग्रींतल्या अशा परक्या वंशद्रव्याविषयीं २०१४ सालीं एक इशारा देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. तो मीं वाचलाहि होता.

दुसऱ्या खेपेस ब्रश ब्लीचच्या पाण्यांत बुडवून, स्वच्छ धुऊन, अतिनील किरणांखालीं ठेवून घेतले, विकर बदललें, खुणेसाठीं वेगळा जीन निवडला, आणि टाकीबरोबर तीन रिकाम्या नळ्या चालविल्या. टाकीची खूण रिकाम्या नळ्यांहून उजळ नव्हती. त्यावरून टाकी निर्दोष ठरते असें नाहीं. माझा आरोप निराधार होता, एवढेंच ठरतें. मी वाडीवर गेलों, आणि चावडीपुढें उभें राहून तसें सांगितलें. टाकी तरीहि रिकामी करून घासून घ्यावी असें सुचविलें. ग्रामपंचायतींत टी. सी. एल. पावडर टाकतात ती मोकळ्या पाण्यांतल्या जंतूंना मारते. खळीच्या वरच्या पदरांतच तिचा जोर संपतो, खालचे जीव बचावतात. आधीं घासणें, मग पावडर.

लोक ऐकून घेत होते. एक म्हातारी, डोक्यावर रिकामा हंडा पालथा धरून, मागें उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, टाकी घासायची तर हायच, ती आमी घासू. पर आठ दिस पाणी वाहिलं, त्याचं काय?" मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं टाकी रिकामी केली, तेव्हां काथ्याचा कुंचा घेऊन मीहि आंत उतरलों. भिंतीवरचा थर ब्रशानें पंचवीस चौरस सेंटिमीटर घासणें निराळें, आणि सगळी टाकी घासणें निराळें; दुपारपर्यंत माझे हात भरून आले. म्हातारी वरून वांकून, राहिलेल्या जागा दाखवीत होती.